चौकटीवरची दोन भोकं

फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. नंबर परदेशातला दिसला म्हणून पहिल्यांदा उचललाच नाही, हल्ली असल्या नंबरांवरून कोण काय विकतं सांगता येत नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. "बाई, मी आयझॅक. रूबेनचा भाऊ." एवढं बोलून तो थांबला... आणि पुढचं मला कळलं. "परवा पहाटे गेला. मातीही त्याच दिवशी झाली, आमच्यात थांबत नाहीत." तोच पुढे म्हणाला, "माणसं भरपूर होती हो. दहा कशाला, पन्नास होती." मी म्हटलं, "बरं झालं." मरणाची बातमी देणाऱ्याला कुणी बरं झालं म्हणतं का? पण ते दहा माणसांचं आयझॅकने मुद्दाम सांगितलं होतं, आणि ते का, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. फोन ठेवल्यावर मी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. रडू रात्री जेवताना आलं.

रूबेन मापगावकर आमच्या मागच्या दोन खोल्यांत चोवीस वर्षं राहिले. यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना आमचं गाव लागतं. नाव लिहीत नाही. एकदा सगळी नावं लिहून बसले होते, त्याचं काय झालं तेच आज सांगायचं आहे. रूबेनभाऊ कापसाचे ग्रेडर होते. हंगामात खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची आणि हे प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस काढून, दोन्ही अंगठ्यांत धरून हलक्या हाताने ओढायचे, धाग्याची लांबी बघायचे, ओल बघायचे आणि दर्जा सांगायचे. माझे वडील तेव्हा होते. नवा भाडेकरू आल्याच्या दिवशी हातोडी मागायला आला, तेव्हा वडिलांनी विचारलं, "फोटो लावायचा का देवाचा?" रूबेनभाऊ म्हणाले, "देवाचा फोटो आमच्यात नसतो काका, नाव असतं." मग त्यांनी दाराच्या उजव्या चौकटीला दोन खिळ्यांनी बोटभर लांबीची पितळी डबी ठोकली, जरा तिरकी. आत चामड्यावर हाताने लिहिलेली प्रार्थना गुंडाळलेली. तिला मेझुझा म्हणतात. आत जाताना, बाहेर येताना ते तिला बोटं लावायचे आणि बोटं ओठांना. कापूस ओढायची तीच दोन बोटं.

ते यहुदी आहेत हे गावात कुणाला धड कळलं नव्हतं. नावावरून निम्मे लोक त्यांना ख्रिश्चन समजत आणि आडनावावरून उरलेले कोकणातले ब्राह्मण. कुणी विचारलंच तर ते ओट्यावर बसवून सगळी कहाणी सांगत. अलिबागच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, मग तेलाचे घाणे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून पडलेलं शनवार तेली हे नाव. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. "जगात सगळीकडे आम्हाला मारलं बाई, इथे कुणी बोट लावलं नाही." हे वाक्य ते इतक्या समाधानाने म्हणायचे की मी आठवीच्या वर्गात इतिहास शिकवताना तेच जसंच्या तसं वापरत असे. शनिवार मात्र त्यांना पाळता येत नसे, हंगामात केंद्र चालूच राही. त्यावर त्यांनी आपल्यापुरती वाट काढली होती. शनिवारी कापूस ओढायचे, दर्जा तोंडाने सांगायचे, पण लेखणीला हात लावायचा नाही. लिहायचं शेजारच्या कारकुनाने. "कामही झालं, आणि अर्धा देवही राहिला," असं म्हणून स्वतःच हसायचे.

गावात त्यांचा एकच खरा दोस्त होता, हमीदभाई. कापसातली सरकी काढायची, जिनिंगची यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री, स्टँडमागे त्याचं गॅरेज. दोस्ती मटणावरून झाली. रूबेनभाऊ बाजारातलं मटण खात नसत. देवाचं नाव घेऊन कापलेलं, रक्त पूर्ण निथळलेलं असेल तरच चालायचं, आणि ते हमीदभाईच्या घरचं असायचं. दर शुक्रवारी संध्याकाळी हमीदभाई डबा घेऊन यायचा. आमच्या ओट्यावर दोघं बसायचे. त्याची जुम्म्याची नमाज झालेली असे, यांचा शनिवार सूर्य मावळल्यावर लागायचा असे, आणि मधल्या तासाभरात चहा आणि वाद. मी उंबऱ्यात वह्या तपासत बसायचे, पण लक्ष त्यांच्याकडेच असायचं.

रूबेनभाऊंच्या पत्नी राहेलवहिनी गेल्या तेव्हा त्यांनी वहिनींना त्यांच्या माहेरी, कोकणात नेऊन माती दिली आणि आठवड्याने एकटे परत आले. मेलेल्यासाठी त्यांच्यात एक प्रार्थना म्हणतात, कद्दीश. ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात. आमच्या गावात यहुदी तेच एक. तिसाव्या दिवशी ते पुस्तक मांडीवर घेऊन नुसते बसून होते, हे हमीदभाईने पाहिलं. "किती कमी पडून राह्यले साहेब?" "नऊ." हमीदभाई उठून गेला आणि तासाभराने नऊ पुरे करून आला. तो स्वतः, गॅरेजमधले तिघं, मशिदीतले दोन म्हातारे, माझे वडील, केंद्रावरचा कारकून आणि समोरचा शिंपी. "साहेब, हे घ्या. झाले दहा." रूबेनभाऊ म्हणाले, "अरे, ते आमच्यातलेच लागतात." हमीदभाई म्हणाला, "मानसंच लागते ना? मंग हे काय हायेत?" रूबेनभाऊ हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा असा काही झाला की आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. डोकं झाकायला लागतं म्हणून कुणी नमाजाची टोपी घातली, वडिलांनी त्यांची पांढरी, शिंप्याने डोक्यावर हातरुमाल टाकला. रूबेनभाऊंनी प्रार्थना म्हटली आणि ते थांबतील तिथे सगळ्यांनी आमेन म्हटलं. पुढे त्यांनी भावाला पत्र लिहून विचारलं, हे धरतात का? भावाने इस्रायलमधल्या धर्मगुरूला विचारून कळवलं, नाही धरत. "राहेलला चाललं असेल," एवढंच रूबेनभाऊ म्हणाले.

हा भाऊ, आयझॅक, तरुणपणीच इस्रायलला गेला होता. एका हिवाळ्यात तो आला आणि पंधरा दिवस एकच धोशा लावला, चल. रूबेनभाऊंनी त्याच्याच तोंडून तिकडचं सगळं वदवून घेतलं. गेल्या गेल्या आम्हाला काळे म्हणाले. लग्नाच्या वेळी आजीच्या आजीपर्यंत पुरावे मागितले, तुम्ही खरे यहुदी कशावरून म्हणून. "आणि तिथे मला बोलावतोस?" रूबेनभाऊ म्हणाले. आयझॅक चिडला नाही. "हो. कारण भांडलो आणि मिळवलं. आता रस्त्यात उभं राहून मी कोण ते कुणाला समजावत नाही. तू आयुष्यभर ओट्यावर बसून समजावतोयस." "मला आवडतं समजावायला." "आज आवडतं," आयझॅक म्हणाला, "एक दिवस लोक विचारायला येणार नाहीत रूबेन, सांगायला येतील. तू कोण ते तुला सांगतील." हे बोलणं मला तेव्हा फार कडवट वाटलं. इतिहासाची शिक्षिका मी, मला वाटलं याला आपलं गाव कळलेलं नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडअळी, पानं लाल करून झाड वाळवणारा लाल्या, पाऊस नको तेव्हा, आणि भाव असा की नावही काढू नये. केंद्रावर गाड्या तीन तीन दिवस उभ्या राहायच्या आणि रांगेतल्या माणसांचा राग सगळ्यात जवळच्या माणसावर निघायचा. सगळ्यात जवळ ग्रेडर. ग्रेडर पैसे खाते, ग्रेडर व्यापाऱ्याचा हाय, असं रोज ऐकू यायचं. रूबेनभाऊंना त्याचं वाईट वाटायचं, पण भीती नव्हती. "शिव्या ग्रेडरला आहेत, मला नाहीत," असं ते म्हणत. अशाच एका हंगामात तिकडे इस्रायलचं पुन्हा युद्ध पेटलं. टीव्हीवर रोज पडलेली घरं आणि ढिगाऱ्यातून काढलेली लेकरं दिसत होती. आमच्याकडे मुसलमानांनी निषेधाचा मोर्चा काढला आणि तो केंद्राच्या फाटकासमोरून गेला. रूबेनभाऊ फाटकात उभे होते. मोर्चात चौथ्या ओळीत हमीदभाई होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं.

त्या शुक्रवारी हमीदभाई येतो की नाही, याची मलाच धाकधूक होती. तो आला, डबा घेऊन. "साहेब, मी गेलतो मोर्च्यात," बसायच्या आधीच म्हणाला. "पाहिलं मी. ये, बैस." मग रूबेनभाऊ म्हणाले, "ती लेकरं मलाही दिसतात हमीद. पण माझा भाऊ तिथे आहे, त्याची नातवंडं तळघरात झोपतात. आमचा एक देश असावा असं मला वाटतं. कुणाच्या घरावर असावा, असं वाटत नाही." हमीदभाई म्हणाला, "पन तो झाला तं कोनाच्या तरी घरावरच ना?" "मग महायुद्धातल्या मृत्युछावण्यांतून जे उरले ते कुठे जाणार होते? कोण घेत होतं त्यांना?" "ज्यायनं मारलं त्यायनं द्याचं होतं घर. फिलस्तीनवाल्यानं काहून द्याचं?" "तुझं खरं आहे," रूबेनभाऊ म्हणाले, "आणि माझंही खरं आहे. दोन्ही खरी असली म्हणजे काय करायचं, ते मला ठाऊक नाही." हमीदभाई म्हणाला, "च्या थंडा होऊन राह्यला." मग दोघं चहा प्यायले.

मी काय केलं, तर हे सगळं लिहून काढलं. मला भरून आलं होतं. सगळं जग भांडतंय आणि आमच्या ओट्यावर एक यहुदी आणि एक मुसलमान एका डब्यातून जेवतात, हे लोकांना कळायलाच हवं असं वाटलं. दोघांची नावं घातली, गावाचं नाव घातलं, संवाद शब्दाला शब्द घातला. मेझुझा घातला, शनिवारी लेखणी न धरणंही घातलं. पितळी डबीचा फोटो मीच काढून दिला. विचारायचं मात्र दोघांनाही राहून गेलं... राहून गेलं हेही खोटंच आहे. विचारलं असतं तर रूबेनभाऊ नको म्हणाले असते, हे मला माहीत होतं. पेपरच्या जिल्हा पुरवणीत लेख छान अर्धं पान आला. मी दहा अंक विकत घेतले.

आठ दिवसांत पंधरा-वीस तरुण शाल-नारळ घेऊन आमच्या अंगणात. साहेबांचा सत्कार करायचा आहे. का, तर तुमच्या लोकांनी या मुसलमानांना बरोबर धडा शिकवला, आम्हालाही शिकवा. रूबेनभाऊ म्हणाले, "मी अलिबागचा आहे. मी कुणाला धडा शिकवलेला नाही." शाल त्यांनी घेतली नाही, तर ती खांद्यावर टाकून, फोटो काढून ते गेले. तो फोटो गावभर फिरला. मशिदीच्या गल्लीत आजवर त्यांना सलाम करणारे लोक समोरून आले तर बाजूच्या दुकानात शिरू लागले. हमीदभाईलाही दोन्हीकडून ऐकावं लागलं, एकीकडे यहुद्याच्या घरी चहा पितो म्हणून, दुसरीकडे देशाच्या मित्राविरुद्ध बोलतो म्हणून. आणि रांगेत वेगळंच सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, हा यहुदी हाय, जगभर यायचाच धंदा हाय भाव पाडायचा. दुसरा म्हणाला, म्हनून तं शनिवारी लिहीत नाई, कागदावर याचा हातच नसते. तो माणूस माझ्या शाळेतल्या एका मुलाचा बाप होता, आणि शनिवारचं त्याने माझ्या लेखात वाचलं होतं. रूबेनभाऊंनी मला यातलं काही सांगितलं नाही. कारकुनाने सांगितलं. त्यानंतरच्या शनिवारपासून रूबेनभाऊ स्वतःच्या हाताने लिहू लागले.

आणि मग एका सकाळी मी मागच्या अंगणात आले तर चौकटीवर डबी नव्हती. दोन भोकं आणि मधे डबीच्या आकाराचा स्वच्छ रंग. रूबेनभाऊ केंद्रावर गेलेले. त्यांना विचारायला जाणं दहा मिनिटांचं काम होतं. मी तडक पोलीस चौकीवर गेले. लेखाचं कात्रणही बरोबर नेलं, चोरीला गेलेल्या वस्तूचा फोटो म्हणून. चौकीवरच्या माणसाने फोटो पाहिला, मग खालचा मजकूर वाचला, आणि बोट ठेवून म्हणाला, "हा हमीद कोन? लय बोलते." मी म्हटलं, त्याचा काही संबंध नाही. ते सांगायला मला उशीर झाला होता. अकराच्या सुमारास त्यांनी हमीदभाईला गॅरेजमधून उचललं, हातचं ग्रीसही धुवू दिलं नाही. दिवसभर बसवून ठेवलं. मारलं. फार नाही, असं तो स्वतः सांगतो. पन्नाशीच्या माणसाला चारचौघांत दोन थोबाडीत बसल्या तर त्याचं फार आणि थोडं कसं मोजायचं?

चारनंतर रूबेनभाऊ चौकीवर आले. मी बाहेर बाकावर होते. माझ्याकडे न बघता आत गेले आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "डबी मी काढली. मीच. भीती वाटली म्हणून काढली. या माणसाला सोडा." खिशातून रुमालात गुंडाळलेली डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. हमीदभाई बाहेर आला, डाव्या कानावर हात धरून. रूबेनभाऊंनी त्याचा हात धरायचा प्रयत्न केला. त्याने धरू दिला. चालता चालता एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही भेले हे मले सांगतलं असतं, तं मीच ते डबी काढून घरी ठेवली असती. आमच्या घरी कोन पाहाले येते?" मी दोघांच्या मागून चालत होते. माझ्याशी दोघंही बोलले नाहीत, आणि तेच बरोबर होतं.

त्यानंतर शुक्रवारी डबा आला, पण रूबेनभाऊंना खाता येईना. दोनदा ताट घेऊन बसले आणि उठले. मग त्यांनी हमीदभाईला सांगून टाकलं, डॉक्टरने मटण बंद केलंय. कुठलाच डॉक्टर नव्हता. हमीदभाईनेही विचारलं नाही कोण डॉक्टर. हळूहळू तो महिन्यातून एकदा येऊ लागला, मग ईदेला. डबी परत चौकटीवर लागली नाही. बोटं मात्र जात राहिली, जाता येता त्या दोन भोकांवर.

निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांनी तिकडे भावाकडे जायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी चावी द्यायला आले आणि ओट्यावर बसले. मी तेव्हा माफी मागितली, इतक्या दिवसांनी. ते म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिलंत त्यात एक शब्द खोटा नव्हता. माझं सांगतो. मला हमीदला नेल्याचं अकरालाच कळलं होतं. कारकुनाने येऊन सांगितलं. मी चारपर्यंत कापूस ओढत बसलो. एकेक गाडी. चौकीवर जाऊन 'मी घाबरलो' हे सगळ्यांसमोर म्हणायची लाज वाटत होती, म्हणून. तोवर तो तिथे मार खात होता." मग म्हणाले, "मी सगळ्यांना सांगायचो ना, इथे कुणी बोट लावलं नाही. मला नाहीच लावलं. पण माझ्या नावाने त्याला लावलं, आणि मी गप्प होतो. आता हे वाक्य मला इथे बसून म्हणता येत नाही. तिथे निदान ते म्हणावं लागणार नाही." मी थांबा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं आता वाटतं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

हमीदभाईला ती अकरा ते चारची गोष्ट मी कधी सांगितली नाही. परवा, फोन आल्यावर चौथ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी तो आला. सत्तरीचा झालाय, डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून मी उजव्या बाजूला बसले. त्याने रूबेनभाऊंच्या बंद दाराकडे पाहिलं. मग विचारलं, "बाई, तिकडं मानसं होती का दहा?" पन्नास होती, मी सांगितलं. त्याने मान हलवली. "म्या म्हनलं होतं, आपनही करू. तवा वहिनीसाठी केलतं तसं. दोन दिवस फिरलो." तो बोटांवर मोजू लागला. तुमचे वडील गेले. शिंपी गेला. दोन्ही म्हातारे गेले. कारकुनाला जाऊन विचारलं, तो म्हणाला, आता तसल्यात मी पडत नाही. गॅरेजमधले तिघं नागपूरला. नवीन कुणाला म्हणावं, तर आमच्या गल्लीतली पोरं म्हणतात यहुद्यासाठी कायले, आणि तुमच्या गल्लीतली म्हणतात हमीदच्या म्हणण्यावर कायले. "मी धरून दोन झाले," तो म्हणाला, "दुसरा कोन ते इचारू नका, तोही आला नाई." मग त्याने खिशातून टोपी काढून घातली, उठून दारासमोर उभा राहिला, आणि आपल्याला येतं ते आपल्या भाषेत म्हटलं. मधे थांबला तेव्हा आमेन मी म्हटलं. बाईमाणसाचं त्यांच्यात धरतात की नाही, मला माहीत नाही.

जाताना तो दाराशी वळला. "अकरा वाजता कळलं होतं त्याले," म्हणाला, "कारकुनानं मले तवाच सांगतलं होतं. मी वाट पाहून राह्यलो होतो तो सोताहून सांगन म्हनून. वीस वर्सं..." सायकल ढकलत गेला.

त्या खोल्या मी कुणाला दिलेल्या नाहीत. दर शुक्रवारी उघडून झाडून घेते. चौकटीवरची भोकं बुजवलेली नाहीत, त्यांच्याभोवतीचा रंग बोटं लागून लागून गेलाय आणि खालचं लाकूड गुळगुळीत झालंय. बाहेर येताना माझा हात आपोआप तिथवर जातो. लावावा असं वाटतं... आणि मी तो मागे घेते.